मानसशास्त्रात बी.ए. करायचंय? प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन ठरलेला. "ताई, आमच्या पोरीला मानसशास्त्र घ्यायचंय. स्कोप आहे ना पुढे?" मागून पोरीचा आवाज येतो, "आई, स्कोप नको गं विचारू, कॉलेज विचार." दोघींचेही प्रश्न रास्त असतात, पण त्यांची उत्तरं एका फोनमध्ये मावत नाहीत. मी महाराष्ट्रातच बी.ए. आणि एम.ए. केलं आणि आता शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. दरवर्षी तेच तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवावं म्हटलं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, कारण पुढचा प्रत्येक सल्ला त्याच्यावरच उभा आहे. मानसशास्त्राची पदवी म्हणजे परवाना नव्हे. बी.ए. झाल्यावर तुम्ही मानसशास्त्राचे पदवीधर होता, मानसशास्त्रज्ञ नाही. रुग्णासमोर बसण्याचा हक्क त्याच्या पुढच्या एक-दोन पायऱ्यांवर मिळतो, आणि कुठल्या पायरीवर ते तुम्ही निवडलेल्या वाटेवर ठरतं. हे पहिल्या वर्षी कळलं तर पदवीची वर्षं कशासाठी वापरायची ते ठरवता येतं. शेवटच्या सत्रात कळलं तर नुसती धावपळ होते.

१. कोण काय करतं, ते आधी समजून घ्या

घरात बसून हा फरक एकदा स्पष्ट करा, आईबाबांनाही सांगा.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. एमबीबीएस करून मग मानसोपचार शाखेत एमडी किंवा तत्सम पदव्युत्तर शिक्षण. औषधं लिहून देणारे हेच. बी.ए.मधून इकडे रस्ता नाही; हेच व्हायचं असेल तर अकरावीला विज्ञान, जीवशास्त्र आणि पुढे वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) डॉक्टर नसतात, पण त्यांचं पदनाम कायद्यात बांधलेलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात त्याची व्याख्या आहे आणि ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यतेशी जोडलेली आहे. परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी लागतात. नुसतं 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' असं गुणपत्रिकेवर छापलेलं असणं पुरेसं नाही. तो अभ्यासक्रम परिषदेच्या यादीत हवा. फसगत सर्वात जास्त होते ती इथेच.

समुपदेशकाचं क्षेत्र जास्त मोकळं आहे, म्हणून जास्त गोंधळाचंही. एम.ए. समुपदेशन, एम.ए.नंतरची पदविका, शाळांसाठीची मार्गदर्शन-समुपदेशन पदविका असे अनेक मार्ग. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात वर्तन-आरोग्याच्या गटाखाली मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक आले आहेत. म्हणजे 'कुणीही बोर्ड लावावा' हा काळ सरत चाललाय. आज प्रवेश घेणाऱ्याने पुढे नोंदणी लागणारच असं धरून चालावं.

याशिवाय मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते असतात. ते एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून येतात. "मला लोकांसोबत, वस्तीत, कुटुंबांत जाऊन काम करायचंय" असं म्हणणाऱ्या निम्म्या मुलामुलींना खरं तर हे काम हवं असतं, पण त्याचं नावच कुणी सांगितलेलं नसतं. तुमचं तसं असेल तर बी.ए. मानसशास्त्र आणि मग एमएसडब्ल्यू ही जोडी छान जमते.

२. कॉलेज निवडताना फक्त कट-ऑफ बघू नका

बहुतेक ठिकाणी बारावीची कुठलीही शाखा चालते आणि बारावीला मानसशास्त्र असण्याची सक्ती नसते. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे बरेचसे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात. काही स्वायत्त आणि खासगी संस्था स्वतःची परीक्षा घेतात.

कॉलेजात प्रत्यक्ष जा. ऑफिसच्या खिडकीवर नाही, मानसशास्त्र विभागात. आणि हे विचारा:

- मानसशास्त्र इथे मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून शेवटपर्यंत मिळतं का? काही कॉलेजांत ते फक्त पहिल्या वर्षी असतं किंवा फक्त मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून असतं, आणि हे दुसऱ्या वर्षी उमगतं.
- पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती?
- प्रयोगशाळा आहे का? असेल तर दाखवाल का? (कुलूप उघडायला किल्ली शोधावी लागली तर समजून जा.)
- मेजरला मुलं कमी आली तर तुकडी बंद करतात का?
- ऑनर्सचं चौथं वर्ष इथे आहे का? (त्याबद्दल पुढे सांगते.)

मोठ्या नावांबद्दल लोक विचारतात. पुण्यात फर्ग्युसन, स. प.; मुंबईत रुईया, झेवियर्स; ही नावं सगळ्यांना माहीत आहेत आणि त्यांचा फायदा खरा आहे. तिथे बरोबरची मुलं वाचणारी असतात आणि शहरात संस्था हाकेच्या अंतरावर असतात. पण तालुक्याच्या कॉलेजात दोन जीव लावून शिकवणारे प्राध्यापक असतील तर तिथेही पदवी उत्तम होते. एम.ए.साठी शहरात जाता येतं. पदवीसाठी घरावर कर्ज काढून कुठल्यातरी चकचकीत खासगी विद्यापीठात जावं, असं मला अजिबात वाटत नाही. ते पैसे पुढच्या प्रशिक्षणासाठी राखा, खरी गरज तेव्हा पडते.

इथला मोठा सापळा दूरशिक्षणाचा. वर्षानुवर्षं अनेकांनी नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्र केलं. आता विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं आहे; वर सांगितलेल्या २०२१ च्या कायद्यात हा विषय येतो, हे त्याचं कारण. त्यामुळे "घरबसल्या मानसशास्त्राची पदवी" अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाची आणि त्या अभ्यासक्रमाची मान्यता तपासा. एजंटच्या व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ म्हणजे मान्यता नव्हे.

३. कागदपत्रांची फाइल

दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो. बोर्ड किंवा विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करताना पैसे अडकतात ते बहुतेक या शेवटच्या गोष्टीमुळे. याशिवाय आता क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, जमा होण्यासाठी एबीसी आयडी (श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) लागतो, तो डिजिलॉकरमधून काढता येतो.

मूळ दाखला कॉलेजात जमा करण्याआधी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा.

४. पहिलं वर्ष: विषयाशी ओळख आणि भाषेची सोय

पहिल्या वर्षी बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. मनातलं ओळखायला शिकवतील असं वाटलेलं असतं आणि समोर येतात चेतापेशी, संवेदन, अवधान, स्मृती. कुत्र्याच्या लाळेवरचा पावलॉव्हचा प्रयोग. लाइपझिगमध्ये १८७९ साली वुंटने काढलेली प्रयोगशाळा. "यात माणूस कुठाय?" असं एका मुलाने मला विचारलं होतं. माणूस तिथेच आहे, फक्त विषय त्याच्याकडे मोजमाप करत, हळूहळू जातो. अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे ज्यासाठी सगळे आलेले असतात ते नैराश्य, स्किझोफ्रेनिया वगैरे, ते नंतर येतं. ते आलं की वर्गातल्या निम्म्या मुलांना त्यातले निम्मे विकार स्वतःला आहेत असं वाटायला लागतं. घाबरू नका, होतं तसं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी खास. अनेक विद्यापीठांत बी.ए.चा पेपर मराठीत लिहिता येतो आणि तो लिहावा, संकोच नको. संकल्पना मराठीत पक्की होते तेव्हा ती विसरत नाही. पण पुढच्या बहुतेक प्रवेश परीक्षा, शोधनिबंध, चाचण्यांच्या मार्गदर्शिका इंग्रजीत आहेत, आणि प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेचा मानसशास्त्राचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा: डाव्या पानावर मराठी संज्ञा, उजव्या पानावर इंग्रजी, खाली स्वतःचं एक उदाहरण. विश्वसनीयता, सप्रमाणता, प्रबलन, साधक अभिसंधान, सहसंबंध. तिसऱ्या वर्षापर्यंत ही वही बाजारातल्या कुठल्याही गाइडपेक्षा उपयोगी पडते. इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं रोज एक पान, शब्दकोश बाजूला ठेवून. एकच पान, पण रोज.

गाइडवर पास होता येतं, हे खरं आहे. गाइडवर प्रवेश परीक्षा निघत नाही, हेही खरं आहे.

५. संख्याशास्त्राला पाठ दाखवू नका

"गणित नको म्हणून आर्ट्स घेतलं" असं म्हणणाऱ्या मुलांना मानसशास्त्र इथे पकडतं. मध्य, मध्यांक, प्रमाण विचलन, प्रसामान्य वक्र, सहसंबंध, टी-टेस्ट: यातून सुटका नाही, आणि सुटका नसणंच बरं. एखाद्या मुलाचा बुद्धिगुणांक ८५ आला म्हणजे काय, हे प्रमाण विचलन कळल्याशिवाय पालकांना सांगताच येत नाही. मध्य १०० आणि प्रमाण विचलन १५ असलेल्या चाचणीत ८५ म्हणजे सरासरीच्या एक विचलन खाली. साधारण सोळा टक्के मुलं त्याच्या खाली असतात. "मूल मठ्ठ आहे" आणि "शंभरातली सोळा मुलं याच्या मागे आहेत" या दोन वाक्यांनी एका घरातलं जेवणाचं ताटसुद्धा वेगळं होतं.

आठवी-नववीपुरतं गणित येत असेल तर हे जमतं. सूत्रं पाठ करू नका. दहा मुलांचे गुण घ्या आणि हाताने प्रमाण विचलन काढा. मग तेच जॅमोव्ही किंवा जास्प या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पाहा. दोन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. एसपीएसएस महाग आहे, ते कॉलेजात असेल तर तिथे शिका. चोरीची प्रत लॅपटॉपवर टाकून व्हायरस घेऊन बसू नका.

६. प्रात्यक्षिकं आणि जर्नल

जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, मागच्या वर्षीच्या ताईचं बघून उतरवून काढायची असते, असा समज बऱ्याच कॉलेजांत आहे. प्रयोग खरंच करा. मुलर-लायरचा भ्रम घ्या. लाकडी किंवा पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर दोन रेषा; एकीच्या टोकांचे बाण आत मिटलेले, दुसरीचे बाहेर फाकलेले. फाकलेल्या टोकांची रेषा सरकवता येते. प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतोय त्याला, सांगायचं, दोन्ही सारख्या दिसल्या की थांब. तो थांबतो. तुम्ही पट्टीच्या मागचं मोजमाप वाचता, आणि ती रेषा चांगली काही मिलिमीटर तोकडी निघते. प्रयुक्त म्हणतो, "शक्यच नाही, परत करू." परत करतो. परत तोकडी. भ्रम आहे हे माहीत असूनही तो जात नाही.

आता या प्रयोगात शिकायचं काय? रेषा कधी आतून बाहेर आणि कधी बाहेरून आत का सरकवायची, कधी ती डावीकडे आणि कधी उजवीकडे का ठेवायची. कारण हाताच्या सवयीची आणि जागेची चूक भ्रमात मिसळू नये. नियंत्रण म्हणजे काय ते व्याख्येतून कळत नाही, इथे कळतं. पुढे एखाद्या बाईने "माझं मूल शिकवणीला गेल्यापासून सुधारलं" म्हटलं की तुमच्या मनात आपोआप येतं: याच काळात आणखी काय काय बदललं?

चाचण्यांच्या बाबतीत तीन गोष्टी पाळा. सूचना मार्गदर्शिकेत आहेत तशाच शब्दांत द्यायच्या, प्रेमापोटी त्यात भर घालायची नाही. सराव म्हणून भावावर, बहिणीवर घेतलेल्या चाचणीचा आकडा त्यांना सांगायचा नाही. तुम्ही अजून शिकताय, आणि तो आकडा ती जन्मभर डोक्यात ठेवतील. आणि चाचणीचे प्रश्न मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. रेवनच्या प्रमाणित बुद्धिमापन चाचणीत पाच संचांत मिळून ६० आकृत्या आहेत. त्या एकदा फुटल्या की त्या मुलांपुरती चाचणी निकामी.

जाता जाता, बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी जरूर हाताळून बघा. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली ती १९३० च्या दशकात, आणि आजही बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीत तिचं नाव निघतं. ती जुनी झाली आहे का, तिचे मानदंड आजच्या मुलांना लावावेत का, यावर प्राध्यापकांशी वाद घाला. मनोमापनाचा यापेक्षा चांगला तास होणार नाही.

७. अनुभव: कुठे मिळतो, कुठे विकतात

दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत कुठेतरी काम करा. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रकार्य आणि कार्यप्रशिक्षण यांना क्रेडिट आहेत, ते नुसत्या सहीवर उरकू नका. आपल्याकडे बघण्यासारखं काम कमी नाही. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यात आहे, पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीत. पुण्यातच ज्ञानप्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था, साताऱ्याला परिवर्तन, गोव्यात संगाथ. प्रत्येकाचे विद्यार्थ्यांना घेण्याचे नियम वेगळे, तेव्हा आधी मेल लिहा, स्वतःबद्दल चार ओळी आणि काय शिकायचंय ते. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एक आठवण. घराजवळची मतिमंद मुलांची शाळा, वृद्धाश्रम, अंगणवाडी, बालगृह हेही तितकंच मोलाचं.

संगाथचं नाव घेतलं म्हणून सांगते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, व्यावसायिक पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना दिलेली छोटी उपचारपद्धती उपयोगी पडते का, हे त्यांनी तपासलं आणि ते २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. हा शोधनिबंध शोधून वाचा. सगळा कळणार नाही, पण संख्याशास्त्राच्या तासाला शिकलेलं कुठे लागतं ते दिसेल.

आता सापळे. "सात दिवसांची ऑनलाइन इंटर्नशिप, प्रमाणपत्र आणि शिफारसपत्रासह, फक्त अमुक रुपये." यात तुम्ही व्हिडिओ बघता आणि पैसे देता. मुलाखत घेणारा माणूस हे कागद बाजूला सारतो. दोन दिवसांत 'प्रमाणित समुपदेशक' करणारे वर्ग, संमोहनाचे शनिवार-रविवार अभ्यासक्रम, बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी डीएमआयटी. या शेवटच्या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही, आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाच एजंट म्हणून गाठतात, कारण आपल्या तोंडून ते खरं वाटतं. कमिशन बरं असतं. तरी जाऊ नका.

अनुभव घेताना तुम्ही निरीक्षक असता, उपचारक नाही. कुणी तुमच्याजवळ रडलं तर ऐका, पाणी द्या आणि तिथल्या ताईंना किंवा सरांना सांगा. नोंदवहीत खरं नाव लिहू नका. मैत्रिणीला रात्री त्यातली गोष्ट सांगू नका. कुणी जीव द्यायचं बोललं तर "तुझ्या-माझ्यात राहील" असं वचन द्यायचं नाही; लगेच मोठ्यांना सांगायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवा, तो चोवीस तास आणि मोफत आहे.

८. तीन वर्षं की चार? आणि मग एम.ए.

नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्सचा पर्याय असतो. चार वर्षं केली तर एम.ए. एका वर्षाचं होऊ शकतं. हिशेब सारखाच वाटतो, पण मी बहुतेकांना तीन अधिक दोन सांगते. एम.ए.ची दोन वर्षं दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या शहरात, नव्या शिक्षकांकडे जातात आणि त्यात प्रत्यक्ष कामाला वेळ मिळतो. संशोधनाचीच ओढ असेल आणि कॉलेजात मार्गदर्शक चांगला असेल तर मात्र चौथं वर्ष घ्या.

एम.ए.साठी सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा लक्षात ठेवा. मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि अनेक केंद्रीय विद्यापीठं तिच्यावर प्रवेश देतात. पुणे आणि मुंबई विद्यापीठांच्या विभागांची प्रक्रिया वेगळी असते, त्यांच्या सूचना एप्रिलपासून बघत राहा. शाखा निवडताना (चिकित्सा, समुपदेशन, औद्योगिक) नावापेक्षा त्यात देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम किती तासांचं आहे ते विचारा.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर इथे थांबून नीट वाचा. आजवरची रुळलेली वाट म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. किमान ५५ टक्क्यांनी, मग दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी ही त्यातली जुनी नावं. पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था. जागा मोजक्या, परीक्षा अवघड, पण काम शिकावं तर इथेच. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. पदवीच बंद झाली. या विषयाला अपवाद म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची मुभा दिली होती. म्हणजे आज बी.ए.ला बसणाऱ्याने एम.फिल. धरून आखणी करू नये. पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर तिने मान्य केलेले अभ्यासक्रम आणि संस्थांची यादी असते. ती दर सहा महिन्यांनी उघडून बघा आणि ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीच्या यादीत संस्थेचं नाव आहे ना, याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. संस्थेची मान्यता ठरावीक काळापुरती असते. "प्रस्ताव पाठवलाय, येईलच" यावर लाखो रुपये भरू नका.

९. बाकीच्या वाटा

सगळ्यांनी दवाखान्यातच जायला हवं असं नाही.

मनुष्यबळ विभाग ही पदवीनंतर लवकर पगार देणारी वाट. भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन. पुढे एमबीए किंवा औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. हल्ली अॅप आणि संकेतस्थळं वापरणाऱ्यांच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या कंपन्याही आपल्या मुलांना घेतात. तिथे प्रयोगरचना आणि संख्याशास्त्र बघतात, पुन्हा तेच.

सरकारी बाजूला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि बालकांसाठीची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं यांत मानसशास्त्रज्ञांची पदं असतात, बहुतेक कंत्राटी. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचा. 'आरसीआय नोंदणी आवश्यक' हे तीन शब्द अर्ज बाद करतात.

प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट. विशेष मुलांसोबत काम करायचं तर विशेष शिक्षणातलं बी.एड., तेही आरसीआयच्या मान्यतेचं. न्यायसहायक मानसशास्त्राचं आकर्षण मालिका बघून वाढलंय. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ हे त्याचं ठिकाण, पण जागा आणि नोकऱ्या दोन्ही थोड्या. यूपीएससीला मानसशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर.

परदेशाबद्दल एवढंच. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाच्या परवान्यासाठी साधारणपणे डॉक्टरेट लागते आणि ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे पदनाम कायद्याने राखीव आहे. तिथलं एम.एससी. करून आलं की इथली आरसीआय नोंदणी आपोआप होत नाही. कर्ज काढण्याआधी दोन्हीकडचे नियम वाचा.

१०. पहिली नोकरी

शाळेतल्या समुपदेशकाचं सांगते, कारण ते मला माहीत आहे. मुलाखतीत पगार विचारण्याआधी खोली बघायला मागा. आमच्या क्षेत्रात 'समुपदेशन कक्ष' म्हणून दाखवलेली खोली बऱ्याचदा स्टेशनरीची असते. एका बाजूला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दाराला कडी नाही, आणि मूल बोलायला लागलं की शिपाईकाका खडूचा डबा घ्यायला आत. अशा खोलीत कुणी काही सांगत नाही. दार बंद होणारं हवं, दाराला बाहेरून मूल दिसेल अशी काच हवी, आणि कपाटाला कुलूप हवं. काचेचा आग्रह तुमच्या संरक्षणासाठीही आहे.

मग हे लेखी घ्या: तुमचं पदनाम काय, ऑफ तासांना वर्गावर पाठवणार का, शिस्तीची प्रकरणं तुमच्याकडे शिक्षा म्हणून येणार का, नोंदी कुणाला बघता येणार, आणि तुमच्या कामावर देखरेख कोण करणार. शाळेत तसं कुणी नसेल तर बाहेरच्या अनुभवी व्यक्तीकडे महिन्यातून एकदा स्वखर्चाने जा. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, तरी हा खर्च टाळू नका.

मुलांशी पहिल्या भेटीतच गोपनीयतेची मर्यादा बोला. "तू सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही, पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला वाईट हात लावत असेल, तर मला सांगावं लागेल." हे दुसरं तुमच्या मर्जीवर नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापक "आधी ट्रस्टींना विचारू" म्हणाले तरी जबाबदारी तुमच्यावर राहते. रुजू होण्याआधी हे कलम आणि शाळेचं बाल संरक्षण धोरण वाचा. धोरणच नसेल तर पहिल्या महिन्यात ते लिहून मंजूर करून घ्या.